पिशवी उघडण्याआधी



मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत म्हणजे बोलायचं काम दिलंत. खरं तर आपल्या थेट विक्रीच्या धंद्यात बोलणाऱ्यांची वानवा नाही. रविवारी अमरावतीतल्या किंवा अकोल्यातल्या कोणत्याही लहानशा हॉलमध्ये डोकवा, कोणी ना कोणी टाय लावून पांढऱ्या फळ्यावर गोल काढत असतो. विचारणारा मात्र विरळा. म्हणून मी आज विचारण्याबद्दलच बोलणार आहे. माल दाखवण्याआधी, प्लॅन मांडण्याआधी समोरच्याला काय विचारायचं, आणि मुख्य म्हणजे कशासाठी.

शिबिरांत तुम्हाला प्रश्न शिकवले जातात, हे मला ठाऊक आहे. 'महिन्याला दहा-पंधरा हजार जास्तीचे आले तर नको आहेत का?' 'उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर घर कोण चालवील?' या प्रश्नांना एकच उत्तर असतं, ते विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं, आणि ते तोंडातून निघालं की माणूस गळाला लागतो. माझी कसोटी सोपी आहे. माझ्या प्रश्नाला असं एखादं उत्तर येऊ शकतं का, की जे ऐकून मी पिशवी न उघडताच उठेन? येऊ शकत नसेल तर मी विचारलंच नाही, आवाज चढवून सांगितलं, एवढंच.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारं, ओलिताच्या कामाचं नाही आणि पिण्याच्याही नाही. त्यामुळे पाणी शुद्ध करणारं यंत्र विकायला हा पट्टा सोन्यासारखा, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. बरं, तिथे गेल्यावर पहिला प्रश्न कोणता? 'काकू, प्यायचं पाणी कुठलं?' बोअरचं असेल तर नुसतं यूव्हीचं यंत्र देऊन काही होत नाही. ते जंतू मारतं. विरघळलेला क्षार होता तिथेच राहतो. तिथे आरओ लागतो. आरओ म्हटला की विचारायचं, विजेची लाइन किती तास असते? मग विचारायचं, हे यंत्र पाणी गाळताना बरंच पाणी बाहेर टाकतं, उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा ते परवडेल का? ते पाणी भांड्याला, फरशीला वापरता येईल अशी सोय घरात आहे का? आणि एक प्रश्न आपण कधी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं: वर्ष-दीड वर्षाने आतला मेम्ब्रेन बदलायला माणूस कुठून येणार? अकोटहून, अकोल्याहून, की येणारच नाही?

आता त्याच पट्ट्यातल्या पुढच्या गावात वान धरणावरच्या 84 खेडी योजनेचं पाणी नळाला येत असेल, तर सगळा हिशेब पालटतो. तिथे क्षाराची तक्रार नसते. नळ किती दिवसांनी येतो आणि भरून ठेवलेलं पाणी कसं राहतं, ही तिथली अडचण. तिला घट्ट झाकणाची, तोटी असलेली टाकी पुरते. ती आपल्या कॅटलॉगमध्ये नाही. तरी तेच सांगून यावं. शेजारच्या दोन गावांत एकच डेमो देणाऱ्याने पाण्याची चव तरी घेतली होती का, असं मला त्याला विचारावंसं वाटतं.

प्रोटीनच्या डब्याचंही तेच. 'अशक्तपणा वाटतो का?' असं विचारलं तर पेरणीच्या दिवसांत अख्खं वऱ्हाड हो म्हणेल. विचारायचं ते असं: कोणतं औषध चालू आहे? किडनीचा काही त्रास? डॉक्टरांनी काही खायचं बंद केलंय का? किडनीच्या रुग्णाला जादा प्रोटीन अपायकारक ठरू शकतं, म्हणून 'हो' आलं की डबा पिशवीतच राहिला पाहिजे. आणि 'यानं शुगर जाते' असं सांगत फिरणाऱ्यांना आठवण करून देते, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे.

पैशाचा प्रश्न विचारायला आपण लाजतो. पण लाजून चालत नाही. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, कापूस दिवाळीपुढे वेचण्यावेचण्याने, तूर संक्रांत उलटल्यावर. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार की मृग बहार, त्यावर घरचा खर्च ठरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्या घरात बियाण्याच्या पिशव्यांची जुळवाजुळव चालू आहे, तिथे दरमहा ठरलेल्या पॉइंटची खरेदी गळ्यात मारायची म्हणजे सावकाराकडे एक माणूस वाढवायचा.

आता अवघड जागी येते. आपली पहिली यादी कोणाची असते? मावशी, चुलत जाऊ, बचत गटातल्या ताई, पोराच्या वर्गातल्या बाई. या यादीतल्या कोणाचीच आपल्याला तोंडावर नाही म्हणायची छाती नसते. 'पाहू जी.' 'दिवाळीनंतर पाहू.' 'घरी इचारून सांगतो.' अपलाइन, म्हणजे आपल्याला जोडून घेणारा, सांगतो, हे ऑब्जेक्शन आहे, ते हँडल करा. मी म्हणते, भिडेपोटी माणूस याहून स्पष्ट बोलूच शकत नाही. जाऊबाईनं एक टूथपेस्ट घेतली, ती आपल्याला उठवण्यासाठी घेतली की दातांसाठी, हे तुम्हाला कसं कळणार? दुसऱ्या महिन्यात तिनं फोन उचलला नाही की कळतं. म्हणून नातलगांना विचारताना नकाराची वाट आपणच आधी मोकळी करून द्यायची: 'वहिनी, नको असेल तर आत्ताच नको म्हणा, माझं येणंजाणं तसंच राहील.' हे वाक्य मनापासून म्हणता येत नसेल, तर त्या घरी माल घेऊन जाऊच नये.

आणि 'सहज आलो होतो' हे तर सोडूनच द्या. 28 डिसेंबर 2021 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. त्यांत विक्रेत्यावर बंधन आहे, की बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकतो आणि कशासाठी आलो, हे खरं सांगायचं. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. म्हणजे 'रविवारी या, काय आहे ते तिथेच कळेल' अशी जी बोलावणी आपल्यातले काही जण पाठवतात, ती आता नुसती गनिमी कावा राहिलेली नाही, ती नियमाला सोडून आहे. मला हा नियम आवडतो. आधी नाव आणि हेतू सांगितल्यावर विचारलेल्या प्रश्नाला लोक निर्धास्त उत्तर देतात.

प्रश्न विचारण्याचं शास्त्रही आहे. नील रॅकहॅम यांनी सहकाऱ्यांसह बारा वर्षांत 35 हजार विक्री-भेटी तपासल्या आणि 1988 साली त्यावर पुस्तक लिहिलं. मोठ्या कंपन्यांमधले मोठे सौदे त्यांनी पाहिले होते, त्यामुळे दंतमंजनाला ते जसंच्या तसं लागू करू नये. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्या भेटी यशस्वी झाल्या, त्यांत गिऱ्हाईक जास्त बोललं होतं. आणि माहितीचे प्रश्न, म्हणजे घरात माणसं किती, नोकरी कुठे, अशी सरबत्ती जास्त झाली की समोरचा कंटाळतो. शिरगणतीला आल्यासारखं विचारू नका. त्याच पुस्तकातले अडचणीचा परिणाम विचारणारे प्रश्न मात्र आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी उचलले आणि जखमेवर बोट दाबायचं तंत्र करून टाकलं. विधवा बाईला 'मुलांच्या शिक्षणाचं काय करणार?' हा प्रश्न विचारून मग फॉर्म पुढे सरकवणारे मी पाहिलेत. त्यांना व्यासपीठावर गौरवाच्या पिना मिळतात. मला त्यांच्याबद्दल आदर नाही.

आपल्या मातीत विचारण्याची मोठी परंपरा आहे. शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात सांगण्याआधी विचारायचे. वऱ्हाडी बोलीत एकामागून एक साधे प्रश्न, समोरची गर्दी एका आवाजात उत्तर देणार, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच कर्जाशी, नवसाशी, बोकडाशी येऊन थबकणार. अमरावतीत विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आपल्या प्रशिक्षणांतही अलीकडे त्यांचा दाखला देतात. जपून द्या. बाबांनाही उत्तर आधीच ठाऊक असायचं, हे खरं. पण त्या उत्तरातून त्यांच्या पदरात काही पडायचं नव्हतं. आपल्याला कमिशन पडतं. ते कर्ज काढून सण करू नका म्हणायचे, आणि आपण हप्त्यावर किट देतो.

शेवटचं, जॉइनिंगबद्दल. पोलीस भरतीच्या मैदानावरून निराश परत आलेला, फॉर्मच्या फीसाठी बापाकडे हात पसरायला कंटाळलेला पोरगा प्लॅनला लगेच हो म्हणतो. त्याला आधी विचारा: पहिला माल कोणाच्या पैशानं घेणार? तुझ्या ओळखीतले किती जण हा माल, प्लॅन बाजूला ठेवून, दुकानातून याच भावानं विकत घेतील? 'कोणीच नाही' म्हणाला, तर त्याच्याकडे धंदा नाही, फक्त माणसं आहेत. नुसती माणसं जोडून मिळणाऱ्या पैशाला नियमांनी पिरॅमिड म्हटलंय आणि ते बंद केलंय. प्रवेश फी घ्यायलाही मनाई आहे. 2011 साली स्पीक एशिया ही कंपनी कोसळली, तेव्हा लोकांनी 11 हजार रुपये भरून ऑनलाइन सर्व्हे भरायचं काम घेतलं होतं. दर आठवड्याला प्रश्न यायचे, लोक उत्तरं द्यायचे. ती उत्तरं विकत कोण घेतंय, एवढंच कोणी विचारलं नाही.

एक ठराव मांडते. आपल्या भेटीच्या वहीत तारीख, गाव आणि विक्री एवढेच रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवावा: माल का दिला नाही. 'पाणी नळाचं आहे', 'किडनीचं औषध चालू', 'पेरणी तोंडावर', 'भिडेनं घेत होत्या'. नावं लिहू नका, कारण लिहा. पुढच्या मेळाव्यात विक्रीचे आकडे वाचण्याआधी हा रकाना वाचू. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, आणि ज्यांना नसेल त्यांनी उभं राहून का नाही ते सांगावं. माइक तुमच्याकडे पाठवते.