शिवलेले मुंडासे नको
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समारंभाला ऐतिहासिक पोशाख शिवणे हा माझा छंद. आपल्या उमरठला मागणी मावळ्यांचीच! तानाजी मालुसऱ्यांची समाधी इथलीच. माघ वद्य नवमीची पुण्यतिथी जवळ आली की आया कापड घेऊन येतात. बहुतेकींना साटीन हवे, वर जरीची किनार. मी जाडेभरडे सुती कापडच मागते. अंगरख्याला बटणे नाहीत, बंद लावते. बंद सैल-घट्ट होतात, तोच अंगरखा पुढे धाकट्यालाही चालतो.

माझा खरा हट्ट मात्र मुंडाशाचा. बाजारातली पुठ्ठ्यावर चिकटवलेली पगडी टोपीसारखी डोक्यावर बसते, हे खरे. पण १६७० साली कोंढाण्यावर ढाल तुटली, तेव्हा तानाजींनी मुंडासे (कोणी शेला म्हणतात) सोडून हाताला गुंडाळले, असे आपण ऐकत आलो. चिकटवलेली पगडी मुलगा सोडणार कशी? जुने धोतर उभे फाडा, दोन मुंडाशी होतात. खर्च काही नाही.

बांधणे मात्र आजोबांकडूनच शिकायचे, आणि तसे हात आता थोडेच राहिले आहेत. तेव्हा यंदा पोरांना आधी त्यांच्यापुढे बसवा. अंगरख्याची मापे मी मग घेईन.