पायातल्या शिरा आणि रक्ताची परतीची वाट

  हातातलं काम थांबवू नका, फक्त एकदा आपल्या पायांकडे बघा. पोटरीवर, गुडघ्यामागे निळसर, दोरीसारख्या फुगलेल्या शिरा दिसतात का? आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आम्ही आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या घरी धावत गेलो. ताई खानावळीसाठी रोज भाकऱ्या करतात, ओट्यापाशी उभ्यानं. घोट्यावरची फुगलेली शीर खाजवताना फुटली होती. फरशीवर रक्ताचं थारोळं. आम्ही काय केलं? ताईंना खुर्चीवर बसवलं, पाय खाली सोडलेलाच. गुडघ्याखाली सुती दोरी बांधली, जखमेवर हळद टाकली. रक्त थांबेना, उलट जास्तच वाहू लागलं. शेवटी शेजारच्या नर्सबाई आल्या. त्यांनी दोरी सोडली, ताईंना आडवं केलं, पाय उशांवर उंच ठेवला आणि स्वच्छ कपड्याची घडी जखमेवर घट्ट दाबून धरली. थोड्या वेळात रक्त थांबलं.

आमचं काय चुकलं, हे कळायला आधी रक्त कसं फिरतं ते समजून घ्यावं लागलं.

आपलं हृदय म्हणजे एक पंप. स्वस्थ बसलेलो असतानाही ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. जाताना रक्त धमन्यांतून जातं. त्यांच्या भिंती जाड आणि लवचिक असतात, कारण मागून जोर असतो. मनगटावर नाडी लागते ती धमनीचीच. पुढे फाटे फुटत फुटत केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. त्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. तिथं प्राणवायू आणि अन्न शरीराला मिळतं, टाकाऊ ते रक्तात येतं. मग रक्त शिरांतून परत हृदयाकडे निघतं.

अडचण आहे ती या परतीच्या वाटेवर. पायातलं रक्त वर चढवायचं, आणि हृदयाचा जोर तर केशवाहिन्यांपर्यंत येता येता जवळजवळ संपलेला. मग रक्त चढतं कसं? विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल आठवा. वर चढलेलं पाणी तो परत खाली येऊ देत नाही. पायांच्या शिरांमध्ये अशाच झडपा असतात, ठिकठिकाणी. आणि पंपाचं काम करते पोटरी. आपण चाललो की पोटरीचा स्नायू शिरा पिळतो, रक्त वर सरकतं, झडप मागून बंद होते.

विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ साली पुस्तक लिहून रक्त गोल फिरतं हे दाखवून दिलं. त्यांनी दंडाला पट्टी बांधून हातावरच्या शिरा फुगवल्या. शिरेतलं रक्त बोटानं खाली ढकलून पाहिलं, ते झडपेपाशी अडलं. केशवाहिन्या मात्र त्यांना दिसल्या नाहीत. त्या १६६१ साली इटलीच्या मालपिघींनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

आता आमची दोरी आठवा. धमन्या खोल असतात, त्या दोरीनं बंद झाल्या नाहीत. रक्त पायात येतच राहिलं. वरवरच्या शिरा मात्र आवळल्या गेल्या. परतीची वाट बंद, मग रक्त जखमेतूनच बाहेर येणार. त्यात पाय खाली लोंबता.

तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरीचा पंप चालत नाही, शिरांत रक्त साचतं. झडपा कमजोर झाल्या की शिरा फुगतात. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या शिरांवर पडतो, म्हणून पुष्कळ जणींना त्रास तेव्हाच सुरू होतो. काही घरांत तो आईकडून मुलीकडेही येतो.

मग करायचं काय? उभ्यानं काम करताना मधूनमधून टाचा उचला, चार पावलं चाला. जमेल ते काम बसून करा. रात्री थोडा वेळ पाय उशीवर उंच ठेवा. घोट्याजवळची कातडी काळी पडली, खाज सुटली किंवा जखम भरेना, तर डॉक्टरांना दाखवा. दाबाचे मोजेही त्यांना विचारूनच घाला.

आणि एक गोष्ट नीट ऐका. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तेल लावून चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं, तर एक क्षण न थांबता दवाखाना गाठा.

ताईंनी कित्येक वर्षं पाय साडीत झाकून ठेवले होते. ‘बायकांचे पाय कोण बघतं,’ असं म्हणायच्या. आता त्या उंच स्टुलावर बसून भाकऱ्या थापतात, मोजे घालतात आणि गटात नवी बाई आली की आधी तिला पाय दाखवायला लावतात. आज रात्री तुम्हीही आपले पाय बघा, सासूबाईंचे बघा, लेकीचे बघा.