हसायचं नाही, गप्पही बसायचं नाही



आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'करिअर मार्गदर्शन' छापलंय. पण मघाशी जिन्याशेजारची अकरा नंबरची खोली दिसली आणि टिपण खिशातच राहिलं.

खेड्यातून आलेल्या मी अकरावीत त्याच खोलीत विचारलं होतं, "सर, व्हॅलन्सी म्हणजे काय?" मागून कुणीतरी म्हणालं, "एवढंही माहीत नाही?" वर्ग हसला. दिवाळीपर्यंत मी हात वर केला नाही. हसणाऱ्यांतल्या चौघांनाही ते ठाऊक नव्हतं, हे हॉस्टेलवर कळलं.

मग मराठीच्या बाईंनी वादविवाद मंडळात ओढलं. शनिवारी दुपारी, तीच खोली. बाईंचा नियम असा: खोडून काढायचंय ना, मग आधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा. तो "हो, हेच" म्हणाला की बोला. त्या सांगत, न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. फळ्यावर तिन्ही शब्द लिहून त्या शेवटचे दोन डस्टरनं पुसायच्या. देव, हुंडा, आरक्षण, काहीच वर्ज्य नव्हतं. कडाडून भांडलो. पण कुणाच्या बोलीला, गावाला, आडनावाला कुणी हसलं नाही.

मी भूलतज्ज्ञ. कामाचं एवढंच सांगतो. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी दिली. चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. एकदा तोंड उघडलेली नवी सिस्टर "सर, डावा की उजवा?" विचारायला कचरत नाही.

असे नियम केले की मोकळेपणा जातो, असं काही जण म्हणतात. मी उलटं पाहिलंय. बाईंच्या नियमानं हसणारी तोंडं मिटली आणि विचारणारी उघडली. मात्र कुणी दुखावेल म्हणून विषयच टाळू लागलात, तर तेही मला मान्य नाही. बाईंनी ते कधी चालू दिलं नाही. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

पत्रिकेत माझ्यानंतर थेट बक्षीस वितरण आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर माझी उरलेली पाच मिनिटं मी तुम्हाला देतो. तिसऱ्या रांगेतली निळ्या साडीतली मुलगी, 'नियम' शब्द आला तेव्हा तू मान हलवलीस. तुला पटलेलं नाही. माइक तिकडे द्या.