केरो : दोन महानद्यांच्या संगमावरील गांव

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर दृष्टि फिरविली असतां मिसिसिपी नदीच्या प्रवाहावरील एक स्थान चटकन् डोळ्यांत भरतें. इलिनॉय संस्थानाच्या अगदीं दक्षिण टोंकाला, पूर्वेकडून येणारी ओहायओ आणि उत्तरेकडून येणारी मिसिसिपी यांचा संगम होतो. या दोन प्रवाहांच्या मध्यें जमिनीची एक निमुळती जीभ शिरलेली आहे व तिच्यावर जें गांव वसलें आहे, त्याचें नांव केरो. हें नांव मिसर देशाच्या राजधानीवरून घेतलेलें असलें, तरी तेथील रहिवासी त्याचा उच्चार आपल्या पद्धतीनें ‘केरो’ असाच करतात. दक्षिण इलिनॉयच्या सबंध मुलखालाहि ‘छोटा मिसर’ असें म्हणण्याचा प्रघात आहे.

ज्या काळीं आगगाडी नव्हती व माल नदीनेंच जात असे, त्या काळीं अशा संगमावर महानगर उभें राहणार याविषयीं धाडसी व्यापाऱ्यांना शंका वाटत नव्हती. उत्तरेस सेंट लुई, पूर्वेस सिनसिनाटी व पिट्सबर्ग, दक्षिणेस न्यू ऑर्लिअन्स, अशा तिन्ही दिशांचे जलमार्ग येथें मिळत. तरीहि १९२० सालच्या खानेसुमारींत येथें १५,२०३ माणसें होतीं, तीं २०२० सालीं अवघीं १,७३३ राहिलीं. जेथें नऊ माणसें नांदत होतीं, तेथें आतां सुमारें एक उरलें. निसर्गानें इतकें अनुकूल स्थान दिलें असतां हें कां घडावें, या प्रश्नांतच या गांवाचा इतिहास सांठविलेला आहे.

केरोचा पहिला जन्म कागदावर झाला. १८१८ सालीं येथें एक नगर व एक पेढी स्थापण्याची सनद मिळविण्यांत आली. पण योजकाच्या मृत्यूमुळें ती योजना बारगळली. पुढें १८३७ सालीं डॅरियस हॉलब्रुक नांवाच्या उद्योगी गृहस्थाच्या पुढाकारानें एक कंपनी निघाली. इंग्लंडांत तिचे रोखे खपले, नदीकांठीं बांध बांधले गेले व कारखान्यांची उभारणी झाली. परंतु १८४० सालीं रोखे विकणारी लंडनची पेढीच बुडाली आणि कामकरी गांव सोडून गेले. १८४२ सालीं चार्लस् डिकन्स हा विख्यात इंग्रज कादंबरीकार या बाजूनें प्रवासास गेला, तेव्हां त्याला दलदल, रोगराई व अर्धवट घरें एवढेंच दिसलें. आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें या जागेची कठोर निंदा केली. त्याच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींतील ‘ईडन’ नांवाची फसवी वसाहत केरोवरूनच रचली असें सामान्यतः मानतात.

या मृतप्राय गांवांत प्राण ओतला तो आगगाडीनें. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला १८५१ सालीं सनद मिळाली व १८५६ पर्यंत शिकागोकडील रस्ता पुरा झाला. त्यापाठोपाठ यादवी युद्ध आलें. गुलामगिरी पाळणाऱ्या मिसूरी व केंटकी या दोन संस्थानांच्या मध्यें घुसलेलें हें टोंक उत्तरेच्या सैन्याला बहुमोल वाटलें. १८६१ च्या सप्टेंबरांत सेनापति ग्रँट यानें येथें आपलें ठाणें दिलें आणि पुढील फेब्रुवारींत येथूनच निघून हेन्री व डोनल्सन हे दोन किल्ले सर केले. त्याच युद्धांत दक्षिणेंतून सुटलेले हजारों कृष्णवर्णीय गुलाम आश्रयासाठीं केरोस आले. त्यांतील कांहीं येथेंच स्थायिक झाले. १८६० सालीं २,१८८ असलेली वस्ती १८७० सालीं ६,२६७ झाली. ‘हकलबरी फिन’ या मार्क ट्वेनच्या कादंबरींत पळालेला गुलाम जिम याच गांवाची वाट पाहत असतो. येथें उतरून ओहायओनें वर गेलें कीं मुक्तता, ही त्याची आशा. धुक्यांत गांव मागें पडतें आणि ती आशाहि मावळते.

युद्धानंतर गांव वैभवास चढलें. १८७२ सालीं जकातीची भक्कम दगडी इमारत उभी राहिली. धनिकांनीं वाडे बांधले. त्या वेळीं ओहायओवर पूल नसल्यामुळें आगगाडीचे डबे नावांवर चढवून पलीकडे न्यावे लागत, आणि या खोळंब्यावर गांवांतील पुष्कळांचा चरितार्थ चाले. १८८९ सालीं रेल्वेचा प्रचंड लोखंडी पूल खुला झाला; १९०५ सालीं वरच्या बाजूस थीब्ज येथें मिसिसिपीवर दुसरा पूल झाला. गाडी थांबण्याचें कारण गेलें व त्याबरोबर धंदाहि ओसरूं लागला. इमारती लांकडाच्या व्यापारानें कांहीं काळ तोल सांभाळला, परंतु केरो हें मुक्कामाचें ठिकाण न राहतां वाटेवरील एक गांव झालें.

तथापि केवळ पुलांना दोष देऊन भागणार नाहीं. नदीकांठचीं दुसरीं अनेक गांवें धंदा बदलून तगलीं. केरोंत मात्र माणसांमाणसांतील भिंत पडली नाहीं. १९०० सालीं येथील वस्तींत एकतृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. ११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्रीं एका खुनाचा आरोप असलेल्या विल जेम्स नांवाच्या कृष्णवर्णीय इसमाला जमावानें शेरिफाच्या ताब्यांतून ओढून नेऊन भर रस्त्यावर ठार केलें. त्याच रात्रीं तुरुंगांतील एका गोऱ्या कैद्यालाहि फांशीं दिलें. आयडा वेल्स या धैर्यशाली कृष्णवर्णीय लेखिकेनें स्वतः केरोस जाऊन चौकशी केली. कैद्याचें रक्षण न करणारा शेरिफ पदच्युत होतो, असा १९०५ सालचा कायदा होता. त्या शेरिफास पुन्हां नेमूं नये, अशी बाजू तिनें गव्हर्नरपुढें मांडली आणि ती मान्य झाली. न्यायाचा एक दिवा लागला. पण गांवाची वृत्ति पालटली नाहीं.

१९६३ सालीं पोहण्याचा तलाव सर्वांस खुला करण्यापेक्षां तो बंद करणें मालकांनीं पसंत केलें. १९६७ च्या जुलैंत रजेवर आलेला एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक पोलिसांच्या कोठडींत मृतावस्थेंत आढळला. ही आत्महत्या असल्याचें अधिकाऱ्यांनीं सांगितलें, पण तें त्याच्या समाजाला पटलें नाहीं व दंगली उसळल्या. १९६९ पासून, कृष्णवर्णीयांना नोकरी न देणाऱ्या दुकानांवर त्यांनीं बहिष्कार पुकारला. कित्येक दुकानदारांनीं एक नोकर ठेवण्याऐवजीं दुकानच मिटविलें. रात्रीं गोळीबार होऊं लागले. १९६० सालची ९,३४८ ची वस्ती दहा वर्षांत ६,२७७ वर आली आणि १९७८ सालीं नवा हमरस्ता गांवाला वळसा घालून गेला. २०१७ सालीं दुर्लक्षानें मोडकळीस आलेल्या दोन सरकारी चाळी रिकाम्या करण्याचें ठरलें, तेव्हां सुमारें चारशें रहिवाशांना घर शोधीत निघावें लागलें.

नदीच्या पाण्याविरुद्ध मात्र या गांवाचा बांध अभेद्य ठरला. १९३७ च्या महापुरांत पलीकडील मिसूरीचा बांध फोडून केरो वांचविण्यांत आलें. २ मे २०११ रोजीं, पाणी एकसष्ट फुटांवर चढलें असतां, तोच उपाय पुन्हां योजला गेला. सुमारें १,३०,००० एकर शेती पाण्याखालीं गेली व पिनहूक हें कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचें खेडें कायमचें उद्‌ध्वस्त झालें. दुसऱ्याच्या घरावर पाणी सोडून राखलेल्या या गांवांतून माणसें मात्र जातच राहिलीं.

आजहि संगमावर उभें राहिलें असतां ओहायओचें निळसर व मिसिसिपीचें गढूळ पाणी कांहीं अंतर शेजारीं शेजारीं वाहतांना दिसतें. पुढें तें एक होतें. मालाच्या नावा पूर्वींप्रमाणेंच जातात. स्थान तेंच आहे आणि नद्याहि त्याच आहेत. उत्तम जागा निसर्ग देऊं शकतो. तेथें एकत्र नांदण्याचें काम मात्र माणसांनाच करावें लागतें. तें झालें नाहीं, तर उंच बांधाच्या आंत सुरक्षित राहूनहि गांव रितें होतें, हेंच केरोच्या खानेसुमारीचे आंकडे सांगतात.