कुलपातील नोंद



रोग्याच्या आजाराची नोंद कोणाची? डॉक्टरची, रुग्णालयाची, की ज्याचा देह त्याची? अमेरिकेने २०१६ साली मालकीचा हा वाद मिटविला नाही. पण नोंद अडवून ठेवता येणार नाही, एवढे कायद्याने ठरविले. 'एकविसाव्या शतकातील उपचार' हे त्या कायद्याचे नाव. प्रतिनिधिगृहात ३९२ विरुद्ध २६ मतांनी तो संमत झाला आणि १३ डिसेंबरला अध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली.

तेथील डॉक्टरांच्या मोठ्या संघटना त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. का? कागद जाऊन संगणक आले. पण एका रुग्णालयाचा संगणक दुसऱ्याशी बोलेना. रोगी दारात, नोंद कुलपात! मग तीच रक्ततपासणी पुन्हा, तोच खर्च पुन्हा. नोंदी अडविणाऱ्या संगणक-कंपनीला या कायद्याने दर गुन्ह्यास दहा लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. शिवाय संशोधनासाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थेला दहा वर्षांत ४८० कोटी डॉलर देऊ केले.

तथापि याच कायद्याने नव्या औषधांची वाटही सोपी केली. हा औषधकंपन्यांवरील अनुग्रह आहे, असे म्हणून सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी विरोध केला. पुराव्याची कसोटी सैल होईल, हेही भय अनेकांनी बोलून दाखविले. आम्ही ते क्षुल्लक मानीत नाही. घाईने बाजारात आलेल्या औषधाची किंमत अखेर रोगीच मोजतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: नोंद मोकळी असावी, पुरावा कडक असावा, आणि त्या नोंदीची किल्ली रोग्याच्याच कमरेला असावी.