हिरवळीचा धंदा आणि मातीचा हिशेब

(वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या तरुणांनी केवळ नोकरीच्या आशेवर न राहता एखादा छोटा स्वतंत्र धंदा करावा, असा ठराव आपल्या संमेलनात बहुधा प्रतिवर्षी मांडला जातो आणि प्रतिवर्षी तो एकमताने संमतही होतो. यंदा ठरावाच्या जोडीला प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या कोणाचे तरी चार शब्द असावेत, असे चिटणीसांच्या मनात आले आणि त्यांनी आम्हांस उभे केले. आम्ही पुणे-सोलापूर रस्त्यालगत थोड्याशा जमिनीत गवत पिकवतो आणि ते विकतो. हे गवत गाईसाठी नव्हे, म्हशीसाठीही नव्हे. लोक त्यावर बसतात, चालतात आणि अलीकडे त्यावर लग्नेही लावतात. तेव्हा आमच्या भाषणास विद्वत्तेचा दर्प येईल अशी भीती श्रोत्यांनी बाळगू नये.

आपणांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांस हरळी हा शब्द ऐकताच वडीलमंडळींचे त्रासलेले चेहरे आठवतील. हरळी आणि कुंदा काळ्या रानात शिरले म्हणजे शेतकरी हवालदिल होई. कुदळीने हातभर खणावे, मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकाव्या, आणि पहिल्या पावसात त्यांतल्याच एखाद्या कांडीने पुन्हा डोके वर काढावे! गणपतीला दूर्वांची जुडी वाहताना जी पवित्र, तीच रानात वैरीण. आज त्याच हरळीची बारीक पानाची जात आम्ही पैसे मोजून आणतो आणि लेकराप्रमाणे सांभाळतो. या धंद्याचे सारे बळ हरळीच्या त्या जुन्या दुर्गुणातच आहे. कांडीच्या पेऱ्यापेऱ्यास मूळ फुटते, म्हणून बियाण्याचा खर्च एकदाच होतो. एक चौरस फूट गवताच्या कांड्यांतून दहा चौरस फुटांची लागण सहज होते. ज्याच्यापाशी भांडवल थोडे आणि धीर पुष्कळ, त्याने दोन गुंठ्यांपासून आरंभ करावा आणि स्वतःच्याच बेण्यावर वाढावे.

गिऱ्हाइकाची वाण नाही. बंगले, गृहनिर्माण संस्था, शाळा, दवाखाने आणि खेळाची मैदाने या सर्वांस हिरवळ हवी असते. मंगल कार्यालयांच्या पाट्यांवर तर हल्ली 'लॉन्स' हाच शब्द झळकतो. एका लग्नसराईत हजारो पावलांखाली तुडवलेली, मंडपाखाली पिवळी पडलेली ही हिरवळ मधूनमधून बदलावी लागते. वधूवरांस आशीर्वाद देताना आम्ही मनोमन त्या गवतासही निरोप देतो, हे येथे सांगण्यास हरकत नाही. हिरवळीची हौस मुळात साहेबाची. परंतु तिकडेही ती घरोघरी पोहोचली ती १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचा एकाधिकार घेतल्यानंतरच्या काळात. कापडगिरणीत लोकरी कापडाची लव छाटणारे यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. तोपर्यंत हिरवळ राखणे म्हणजे विळ्यांनी गवत कापणाऱ्या मजुरांची फौज पोसणे होते, आणि तो थाट सरदारांनाच परवडे.

उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिका पुष्कळ आहेत; ज्यांस हा धंदा पाहावयाचा असेल त्यांनी तेथे दोन दिवस हिंडावे. बाजारात 'सिलेक्शन नंबर वन' या नावाने मिळणारी बारीक हरळी उन्हात उत्तम वाढते, पण सावलीत ती टिकत नाही. झाडांखालच्या जागेसाठी रुंद पानाचे बफेलो गवत बरे. गादीसारखे दाट कोरियन गवत दिसावयास फार देखणे, परंतु त्याची वाढ इतकी सावकाश की उतावळ्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. गिऱ्हाइकाच्या अंगणात ऊन किती येते हे विचारल्यावाचून गवत विकणारा एकदाच विकतो.

लागणीपूर्वीची मशागत हेच खरे भांडवल. गवताचा मुख्य शत्रू लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर पुढे खुरपणीच्या मजुरीतच नफा संपतो. म्हणून जमीन खणून, दगड वेचून, पाणी देऊन तण मुद्दाम उगवू द्यावे आणि उपटावे. पुन्हा पाणी द्यावे, पुन्हा उपटावे. शेणखत पुरते कुजलेलेच घालावे. कच्च्या खतातून हुमणी येते, मुळ्या कुरतडते, आणि आपल्या गवताबरोबर गिऱ्हाइकाच्या बागेत जाऊन आपले नाव कायमचे घालवते. मग जमीन सपाट करून चार-चार बोटांवर कांड्या टोबाव्यात. गवत वाढू लागले की वरचेवर कापावे, पण एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. थंडीत हरळी सुस्तावते. त्या महिन्यांत नव्या कामाचा शब्द कोणास देऊ नये.

पाण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तरी एका गुंठ्यास सुमारे ५०० लिटर आणि एकरास सुमारे २०,००० लिटर रोज लागते. ज्याची विहीर चैत्रात तळ गाठते, त्याने एकराचे स्वप्न पाहू नये. शिवाय पाणी हा केवळ आपल्या विहिरीचा प्रश्न नाही. २०१६ च्या दुष्काळात ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तो मैदानांस लागणाऱ्या पाण्यावरूनच. शेजारच्या वस्तीस टँकरने पाणी येत असता आपण गवतावर फवारे उडवावेत, हे आम्हांस शोभणारे वाटत नाही. अशा वर्षी आम्ही बेण्यापुरते चार वाफे जगवतो आणि बाकीचे रान वाळू देतो. हरळी वाळली तरी सहसा मरत नाही, हे तिचे उपकार.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः येथे उभे राहिलो, तिच्याकडे वळतो.

तयार हिरवळ गालिच्यासारखी कापून, गुंडाळून विकतात. गवत नुसते येत नाही. मुळ्यांनी धरलेली माती त्याबरोबर येते. अर्धा इंच जाडीची माती धरली तर एका चौरस फुटाचे वजन सुमारे दोन किलो भरते, म्हणजे हजार फुटांची मागणी दोन टनांची झाली. म्हणूनच हा माल फार दूर जात नाही. तो रात्री कापावा, पहाटेपूर्वी वाहनात भरावा आणि उन्हाळ्यात त्याच दिवशी अंथरावा. रचून ठेवला तर आतल्या आत तापतो आणि पिवळा पडतो. हे वाहतुकीचे झाले. पण ती माती आली कोठून?

एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. अर्धा इंच थर कापला की सुमारे ४५ घनफूट, म्हणजे जवळजवळ अर्धा ब्रास माती गेली. एकराचा हिशेब १८ ब्रासांचा. वर्षात दोन कापण्या केल्या तर सगळ्या रानाचा एक इंच थर वर्षास उतरतो, आणि सहा वर्षांत नांगराच्या तासाइतकी माती शहरातील अंगणांत जाऊन बसते. ती एक इंच माती घडण्यास निसर्गाला शतके लागलेली असतात. मुळ्यांचा भाग वजा केला, दोन गालिच्यांमध्ये गवताच्या पट्ट्या सोडल्या, तर आकडा थोडा उतरेल. पण खड्डा तो खड्डाच.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झाली असून त्यांच्या जमिनी गावी खंडाने दिलेल्या आहेत. रस्त्यालगतच्या जमिनीस हिरवळवाल्यांकडून मागणी येते, आणि ज्वारी-बाजरीच्या खंडाहून अधिक रक्कम हाती पडते म्हणून मालक संतुष्ट होतो. आमच्या माहितीतील एका भगिनींची, ज्यांस त्या जमिनीवाचून दुसरा आधार नाही, वीस गुंठे जमीन चार वर्षे अशी गेली. मुदत संपल्यावर त्या रान पाहावयास गेल्या, तो बांध होता तेथेच होता आणि रान मात्र चार बोटे खाली बसले होते. मधूनमधून मुरूम उघडा पडलेला, पावसाचे पाणी तळ्यासारखे साचलेले. अर्धा इंच आणि दोन कापण्या या मापाने मोजले तर सुमारे ७२ ब्रास माती गेली. करारात मातीविषयी एक अक्षर नव्हते, म्हणून खंडकऱ्यास दोषी धरता आले नाही. त्याने गवतच नेले होते. आमच्या मते ही जमिनीची विक्रीच होय, फक्त सातबाऱ्यावर तिची नोंद होत नाही.

काही जण यावर उपाय म्हणून जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्यावर माती-खताचा इंचभर थर देऊन कांड्या पसरतात. मुळ्यांस खाली वाट नसल्याने त्या एकमेकींत गुंततात आणि गालिचा अखंड उचलता येतो. आपले रान यात वाचते, हे खरे. परंतु वरच्या थरासाठी टेकडीची लाल माती विकत आणली, तर खड्डा आपल्या बांधाऐवजी टेकडीवर पडला इतकेच. आणि फाटक्या प्लास्टिकचे तुकडे रानात राहतात ते निराळेच. हा थर कुजवलेले पाचट, साखर कारखान्याची मळी आणि नारळाचा भुसा यांचा मोठा भाग घालून केला, तर मातीचा वाटा पुष्कळ कमी होतो. गालिचा हलकाही होतो.

जे थेट जमिनीत पिकवतात त्यांनी प्रत्येक कापणीनंतर गेलेला थर भरून द्यावा. तलावातील गाळ यास चांगला. शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, तेव्हापासून गाळ उचलण्याची गोष्ट गावोगावी परिचयाची झाली आहे. नुसता गाळ चिकट होतो, सबब त्यात वाळू आणि कंपोस्ट मिसळावे. त्याचा वाहतूकखर्च विक्रीच्या दरात आधीच धरावा. तो धरल्यावर दर शेजाऱ्याहून चढा होईल आणि काही गिऱ्हाइके जातील. आमचीही गेली. राहिलेल्यांवर आमचे घर चालते, मुलांची शिक्षणे झाली, याहून मोठा पुरावा आम्हांस देता येत नाही. लखपती होण्याचा मार्ग म्हणून आम्ही या धंद्याची शिफारस करीत नाही.

उधारीबद्दल दोनच वाक्ये. बांधकामाच्या ठेकेदारास अर्धी रक्कम आधी घेतल्यावाचून माल कापू नये, कारण कापलेले गवत परत लावता येत नाही. आणि घरगुती गिऱ्हाइकास, मग ते आपल्या ज्ञातीचे का असेना, पावती द्यावी.

ज्या कुटुंबांच्या जमिनी खंडाने जावयाच्या आहेत त्यांच्यासाठी एक कराराचा नमुना मंडळाने वकील सभासदांकडून करून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. त्यात जमिनीच्या चारही कोपऱ्यांवर पक्क्या खुणा करून सुरुवातीची पातळी लिहावी, आणि मुदतीअखेर ती पातळी भरून देण्याची अट घालावी. ज्या तरुणांस स्वतः आरंभ करावयाचा आहे, त्यांनी मृग निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी ओले गोणपाट घेऊन आमच्या मळ्यावर यावे. बेण्याचे मोल आम्ही घेणार नाही; मात्र येताना प्रत्येकाने दोन पाट्या कुजलेले खत आणावे.