मोळीवाली आणि गार्डबाई

(राजुरा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



११ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय वनशहीद दिन म्हणून पाळला जातो. जंगल राखताना ड्यूटीवर मरण आलेल्या वन कर्मचाऱ्यांना त्या दिवशी मानवंदना देतात. ही तारीख आली ती राजस्थानातल्या खेजडलीच्या घटनेवरून. १७३० साली जोधपूरच्या राजाला लाकूड हवं होतं. त्याची माणसं झाडं तोडायला आली तेव्हा अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह ३६३ बिश्नोई मारले गेले. म्हणजे वन खात्याच्या हुतात्मा दिनाची मूळ गोष्ट ही सरकारी हुकूम अडवणाऱ्या बाईची आहे. हे खातं सहसा बोलून दाखवत नाही. आपण मात्र लक्षात ठेवायला हवं.

आज मला दोन बायकांविषयी बोलायचं आहे. एक डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन जंगलातून येणारी. दुसरी खाकी वर्दी घालून तिला वाटेत अडवणारी वनरक्षक, जिला गावात ‘गार्डबाई’ म्हणतात. आपल्या संघटना पहिलीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ते बरोबरच होतं. पण दुसरीकडे आपण फक्त ‘फॉरेस्टवाले’ म्हणून पाहिलं. सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण मिळालं, तेव्हापासून हळूहळू या खात्यात खालच्या पायरीवर मुली येऊ लागल्या. त्यातल्या पुष्कळजणी शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, आदिवासी घरांतल्या आहेत. म्हणजे आपल्याच आहेत. त्यांच्या कामाकडे बाईचं काम म्हणून पाहायची वेळ झाली आहे.

वनरक्षकाचं काम म्हणजे काय? जंगलाचा एक तुकडा, ज्याला बीट म्हणतात, तो तिच्या नावावर असतो. तिच्यावर वनपाल, त्याच्यावर रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, त्याच्यावर उपवनसंरक्षक. राजुरा, विरूर, वनसडी ही आपली वनपरिक्षेत्रं मध्य चांदा वनविभागात येतात. बीटमधलं एखादं सागाचं झाड तोडलं गेलं तर पहिला जाब तिलाच. पायी गस्त घालायची, तोडलेल्या झाडांचे खुंट मोजायचे, गुन्हा नोंदवायचा, पंचनामा करायचा, माल जप्त करायचा, पुढे कोर्टात साक्षीला उभं राहायचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्यात जाळरेषा काढायच्या आणि रात्री-अपरात्री वणवा विझवायला धावायचं. पावसाळ्यात रोपवन. मग वाघांची गणना, कॅमेरे लावणं. रानडुकरांनी धान तुडवलं की पंचनामा, वाघाने बैल मारला की पंचनामा. घरात साप निघाला तरी फोन तिलाच. आणि माणूस मारला गेला की चिडलेल्या जमावासमोर सगळ्यात आधी पोचणारीही तीच. हातात बहुतेक वेळा एक काठी.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात या कामासाठी वेगळे पोलीस आहेत. १८८०पासून त्यांची परंपरा आहे. शिकारी पकडणं हे त्यांचं काम आहेच, पण नदीत घाण सोडणाऱ्या कारखान्यावर गुन्हा दाखल करणं हेही त्यांचंच काम. आपल्याकडे तसं नाही. चंद्रपूरचं नाव २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत आलं. राजुरा-कोरपना पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांची धूळ कापसावर बसते, बाईच्या चुलीवरच्या भातात पडते. पण त्या धुळीच्या वाटेवर कुणी गार्ड उभा नसतो. प्रदूषणाचं मंडळ वेगळं, त्याला वर्दीही नाही आणि बीटही नाही. डोक्यावर पंचवीस किलो सरपण घेऊन चालणारी बाई मात्र लगेच दिसते, कारण तिला पळता येत नाही. पर्यावरणाचा कायदा कुणावर चालतो आणि कुणाला वगळून जातो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर गार्डबाईच्या हातात नाही, हेही समजून घेतलं पाहिजे.

आता तीन घटना सांगते. तिन्ही सर्वांना माहीत आहेत, पण आपण त्या एकत्र ठेवून पाहिलेल्या नाहीत.

पहिली ताडोब्याची. २० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वाती ढुमणे ही वनरक्षक कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवत पायी चालली होती. बरोबर वनमजूर होते. वाटेत वाघीण दिसली, म्हणून ते थांबले आणि नंतर बाजूने वळसा घालून निघाले. वाघिणीने स्वातीवर हल्ला केला आणि त्यात ती गेली. पर्यटक जिप्सीत बसून जी वाघीण बघायला पैसे मोजतात, तिच्याच हद्दीत ही मुलगी पगारावर पायी चालत होती.

दुसरी मेळघाटची. हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाविषयी लिहिलं होतं. गरोदरपणातही जंगलात पायी फिरायला लावलं, हा त्यातला एक आरोप होता. त्या अधिकाऱ्याला अटक झाली, राज्यभर निदर्शनं झाली. माझ्या मते त्यानंतरचा प्रश्न असा आहे: धाडसी अधिकारी म्हणून जिचं नाव होतं, तिलाही दाद मागायला खात्यात जागा सापडली नाही, तर एका आडगावच्या वनरक्षक मुलीने कुठे जायचं? ओळखीच्या एका वनरक्षक मुलीने मला सांगितलं, “वाघाची भीती वाटते, पण त्याचे नियम कळतात. साहेबाचे नियम कळत नाहीत.”

तिसरी आपल्या शेजारची. जून २०१९ मध्ये तेलंगणातल्या कागजनगरजवळच्या सारसाला गावात वृक्षलागवडीसाठी गेलेल्या सी. अनिता या महिला रेंजरवर जमावाने लाठ्यांनी हल्ला केला. त्या ट्रॅक्टरवर चढल्या होत्या, तिथेच त्यांना मारलं. हल्ल्याच्या पुढे एका आमदाराचा भाऊ होता. त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या हल्ल्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण वाद होता तो जमिनीचा. गावकरी म्हणत होते आम्ही कसतो, खातं म्हणत होतं जंगल आमचं. हा वाद जुना आहे. निजामाच्या काळात याच पट्ट्यात, आसिफाबादकडच्या जोडेघाटात, कोमराम भीमने जल-जंगल-जमीन हा लढा उभा केला आणि १९४० साली तो मारला गेला. राजुरा तालुकाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. धोरण वर ठरतं, अंमल खालच्या बाईने करायचा आणि मारही तिनेच खायचा.

आता मोळीवालीकडे येऊ. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढामाल गावाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी ठार झाल्या. आपल्या राजुऱ्यात आर.टी.-१ या वाघाने आठ जणांचा बळी घेतला आणि २७ ऑक्टोबर २०२०ला तो पकडला गेला, ते दिवस तुम्हा सगळ्यांना आठवतात. ‘जंगलात जाऊ नका’ अशी दवंडी देणं सोपं आहे. पण सत्तर पानांचं एक पुडकं बांधून फळीवर नेलं तरच मे महिन्यात हातात पैसा येतो. उज्ज्वला योजनेची शेगडी २०१६नंतर घरोघर आली, पण पुन्हा सिलिंडर भरायला पैसे नसले की पावलं जंगलाकडेच वळतात. बाई हौसेने वाघाच्या वाटेला जात नाही.

मग या दोघींना समोरासमोर उभं करणारं कोण आहे? १९२७चा भारतीय वन कायदा. त्याने जंगलाचा मालक सरकार ठरवला आणि गावाला चोर ठरवलं. २००६च्या वनहक्क कायद्याने हे नातं बदललं. तेंदू, मोह, मध, बांबू अशा गौण वनोपजाची मालकी त्याने हक्कदारांना दिली, निस्ताराचे हक्क मान्य केले. जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार कलम ५ने ग्रामसभेला दिला. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश बायका हव्यात. आणि २०१२च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला हजर असलेल्यांतही किमान एक-तृतीयांश बायका हव्यात, नाही तर गणपूर्तीच होत नाही.

हे कागदावरच राहिलं असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने बांबूवर रोजगार उभा केला. तेंदू तोडणं मात्र स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी छाटणी होते आणि आगी लागतात. घरोघरच्या पाळीने गावकरी जंगलाची राखण करतात. अशा गावात बाईला मोळी चोरून आणावी लागत नाही. आणि गार्डबाई आली तर ती गावाची मदतनीस म्हणून येते. एक सावधगिरी मात्र ठेवू. पाळीची राखण बायकांच्या अंगावर फुकटचं आणखी एक काम म्हणून पडत असेल आणि बांबूचा हिशेब पुरुषच ठेवत असतील, तर ती मालकी अर्धवट आहे.

तेव्हा आपण काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते.

एक. मोळी अडवली गेली तर कायदा आपल्याला माहीत हवा. बाईची झडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच असेल तर महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. जप्त केलेल्या कुऱ्हाडीची, सायकलची पावती मागा.

दोन. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. हा कायदा रोजंदारीवरच्या बायकांनाही लागू आहे. म्हणजे रोपवाटिकेत पिशव्या भरणारी मजूर बाईसुद्धा तक्रार करू शकते. आपल्या तालुक्यातल्या वन कार्यालयांत या समित्या आहेत का, सदस्य कोण, फलक लागला आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारू.

तीन. वाघाच्या हल्ल्यातल्या मृत्यूसाठी शासन वारसांना २५ लाख रुपये देतं. त्यातली काही रक्कम लगेच मिळते आणि बाकी मुदत ठेवीत जाते. विधवा सुनेचं नाव कागदावर आलं का, ठेवीची पावती कुणाच्या पेटीत आहे, हे पाहायला पहिल्या आठवड्यातच आपली कार्यकर्ती त्या घरी पोचली पाहिजे. बाई गेली असेल तर तिच्या मुलींचा वाटाही विचारा.

चार. तेंदूच्या हंगामाआधी, एप्रिलमध्ये, प्रत्येक फळीवर पान तोडणाऱ्या बायका आणि त्या बीटची वनरक्षक यांची बैठक घेऊ. कुठल्या भागात वाघाच्या खुणा आहेत, कोणत्या दिवशी कुठे जायचं नाही, सोबत किती जणी हव्यात, फोन कुणाला करायचा, हे त्यांनी एकमेकींना सांगावं. जंगलात सगळ्यात जास्त चालणाऱ्या या दोघीच आहेत. दोघींकडची माहिती एकत्र आली तर जीव वाचतील.

गार्डबाईला आपल्या बैठकीला बोलावलं तर बायका मोकळेपणी बोलणार नाहीत, असं काही मैत्रिणींचं म्हणणं आहे. ते खरं आहे. दंड भरलेली बाई सहज विसरत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत तक्रारीच होतील. होऊ द्या. तिलाही तिच्या तक्रारी सांगू द्या: रात्रीच्या गस्तीच्या, क्वार्टरच्या, लहान मूल घरी ठेवून निघण्याच्या. वर्दीचा अधिकार आणि बाईपणाचं ओझं ती एकाच वेळी वाहते. अधिकाराबद्दल आपण तिला जाब विचारू, आणि ओझ्याबाबत तिच्या बाजूने उभ्या राहू. या दोन्ही गोष्टी एकाच संघटनेला करता येतात.

येत्या एप्रिलसाठी फळ्यांची यादी करायला आज दुपारच्या सत्रात गटवार बसू या. ज्या गावांचे सामूहिक दावे अजून पडून आहेत, त्यांचीही नावं त्याच कागदावर लिहा.